तात्या विंचू आमच्या घरी

मुलांनो, तात्या विंचू कोण हे तुम्हांला सांगायला नकोच. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला, तेव्हा तुमचे आईबाबाच शाळेत होते. पण तो बाहुला काही म्हातारा व्हायला तयार नाही! मरता मरता गुंड मंत्र म्हणतो आणि त्याचा जीव बाहुल्यात शिरतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांची तारांबळ बघून हसावं, तर बाहुला मान वळवतो नि हसू घशातच अडकतं.

दिवाळीच्या सुट्टीत कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी तो टीव्हीवर लागला. सासूबाई वाती वळत होत्या, थोरली उशीआडून बघत होती, धाकटा माझ्या मांडीवर. नेमकी ऐन भीतीच्या जागी लाईट गेली! थोरलीनं किंकाळी फोडली. मग सगळे चिडीचूप. अंधारात धाकट्यानं विचारलं, "आई, आजोबांना तो मंत्र शिकवला असता तर?"

त्याचे आजोबा उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून त्यानं त्यांचं नावही काढलं नव्हतं. वर्गात शंभर प्रश्नांना उत्तरं देणारी मी, मला शब्द सुचेना. सासूबाईच म्हणाल्या, "आरं, तुझा आजा केवढा आडदांड गडी! बाहुल्यात मावला असता व्हय? आन् घडीघडीला चहा कुणी पाजायचा त्या बाहुल्याला?"

धाकटा आधी हसला, मग रडला. खूप रडला. आजीनं त्याला पदराखाली घेतलं. लाईट आली तेव्हा सिनेमा संपला होता.

सकाळी थोरलीचं सुरू, "तो बोलतो कसा?" म्हटलं, बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. पाध्ये शब्दभ्रमकार, अर्धवटरावांना बोलतं करतात, स्वतःचे ओठ न हलवता. डी.एड.ला आम्ही शिकलो होतो तसा जुन्या मोज्याला गुंड्यांचे डोळे लावून बाहुला केला. दोघं आरशापुढे बसली. क, ग, त सहज जमले. गाडी अडली प, फ, ब, भ, म पाशी. हे ओष्ठ्य वर्ण, ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत! शब्दभ्रमकार तिथं जिभेनं जवळपासचा आवाज काढून वेळ मारून नेतात. थोरलीचे 'बाबा' दिवसभर 'दादा' होत होते.

धाकट्याचा बाहुला मात्र संध्याकाळी आजीपुढे जाऊन खणखणीत म्हणाला, "चहा!" त्या शब्दाला ओठ लागतच नाहीत.