लोडाला टेकलेला माणूस

आमच्या घरात भिंतीवर काबा शरीफची एकच तसबीर. माणसाचं चित्र लावायचं नाही, हा अब्बांचा दंडक. त्यामुळे चित्र कसं बघावं हे कुणी शिकवलंच नाही.

अब्बांच्या इंतकालानंतर वर्षभराने ग्रंथालयात मोगल चित्रकलेचं एक जाडजूड पुस्तक चाळत होतो. एका पानावर हात थांबला. रंग जवळजवळ नाहीच, नुसत्या बारीक रेषा. मोठ्या लोडांना टेकून, पाय पसरून एक माणूस बसलेला. दमून जरा विसावला असेल, असं वाटलं. मग बरगड्या दिसल्या.

तो इनायत खान. जहांगीर बादशहाचा दरबारी, अफू आणि दारूने पोखरलेला. १६१८ साली तो रजा मागायला आला, तेव्हा त्याची दशा पाहून बादशहा थक्क झाला आणि त्याने चित्रकारांना त्याची तसबीर काढायला फर्मावलं. हे बादशहाने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. त्यानंतर थोड्याच अवधीत इनायत खान गेला. या प्रसंगाचं रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे, रेखाटन बोस्टनच्या संग्रहालयात. रंगीत चित्रात नजर लोड-उशांवरही जाते. रेखाटनात माणूसच उरतो.

आधी रागच आला. मरणाऱ्याचा हा काय तमाशा!

पण मग अब्बांचे शेवटचे महिने आठवले. दम्यामुळे त्यांना आडवं होता येत नसे. पाठीला तीन उशा लावून रात्र रात्र बसून काढायचे. मी दारातूनच "अब्बा, काही हवंय का?" विचारायचो, त्यांच्या पायांकडे बघायचो आणि परत फिरायचो. छातीकडे नजर जाऊ द्यायचो नाही. "आराम करतायत," अम्मी म्हणायची. मीही तेच मानलं. सोयीचं होतं ते.

त्या चित्रकाराला अशी सोय नव्हती. हुकूम बादशहाचा होता, बघावंच लागलं. पण त्याच्या रेषेत थट्टा कुठेच नाही. मानेचा ताण, गळून गेलेले हात, सगळं त्याने हलक्या हाताने टिपलं आहे. पोटच्या पोराने नाही बघितलं एवढं त्याने बघितलं.

त्या पानाची झेरॉक्स घरी आणली. भिंतीवर लावायची हिंमत नव्हतीच, नुसती अम्मीसमोर धरली. कोण, कुठला, काही सांगितलं नाही. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं.

"उशी खाली सरकलीय रे याची," ती म्हणाली. "वर करायला कुणी नव्हतं का जवळ?"