उजळणें आणि रंगविणें

काळोखांत घेतलेलें चलच्चित्र संगणकावर उजळतां येतें, ही विद्या आतां घरोघरीं पोहोंचली आहे. तें कोठवर उजळावें, याचा विचार मात्र आम्हांस आमच्या एका विद्यार्थ्यामुळें करावा लागला.

हा मुलगा बोईसरजवळच्या एका वारली पाड्यावरचा. शेजारीं तारापुरास १९६९ सालींच अणुवीज निर्माण होऊं लागली. परंतु त्या रात्रीं पाड्याच्या अंगणांत शेकोटीच्या जाळाखेरीज दुसरा उजेड नव्हता. मध्यभागीं त्याचा आजा तारपा वाजवीत होता व भोंवतीं नाचाचा फेर चालला होता. नातवानें तें सारें मोबाइलवर टिपलें. पुढें आजा गेला. मागें उरलें तें एवढेंच चित्र. त्यांत तारपा स्वच्छ ऐकूं येई, पण पडद्यावर बहुतेक काळोखच दिसे. तें घेऊन तो आमच्या पालघरच्या घरीं आला.

साध्या चलच्चित्रांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. रात्रीचें जग त्यांतल्या तळच्या मोजक्या पायऱ्यांवर दाटीनें बसलेलें असतें. ‘लिफ्ट’ वाढविली तर काळोखच राखेसारखा फिकट होतो; म्हणून ‘गॅमा’ वाढवून मधल्या छटा हळूहळू वर आणाव्या लागतात. त्यांच्याबरोबर रवाळ ठिपकेही वर येतात. ते घालविण्यासाठीं लागोपाठच्या चित्रांची सरासरी काढतात; कारण ठिपके दर चित्रांत बदलतात, स्थिर वस्तु बदलत नाहीं. या हिशेबानें नाचणारीं माणसें धुरासारखीं पुसट झालीं, आणि ओट्यावर निश्चल बसलेली आजी, जी तोंवर कोणास दिसलीच नव्हती, ती स्पष्ट प्रकट झाली! तें पाहून मुलगा हंसला.

आजाच्या तोंडावर मात्र उजेड पडलाच नव्हता. शेकोटी त्याच्या पाठीशीं होती. हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें नसलेला चेहराही भरून देतात. मुलाच्या आग्रहावरून तेंही करून पाहिलें. नाक, डोळे, सुरकुत्या, सारें रेखीव उतरलें. तो बराच वेळ पाहत राहिला व म्हणाला, “सर, म्हातारा चांगला आहे. पण हा आमचा आजा नाय.”

उजळणें म्हणजे प्रकाशानें जें लिहून ठेविलें तें वाचणें. त्यापुढें गेल्यावर आपणच लिहूं लागतों. त्या लिहिण्यास कलेंत मोठा मान आहे. परंतु तें आठवणीच्या नांवानें घरांत आलें, तर पुढच्या पिढीस कोण्या परक्याचें तोंड आपल्या पूर्वजाचें म्हणून ओळखावें लागेल. वारली चित्रांत माणसाचें डोकें म्हणजे एक वाटोळा ठिपका. त्यास नाक-डोळे बहुधा नसतातच. तरी २०११ सालीं पद्मश्री मिळविणारे डहाणूकडील कै. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतले तारप्याचे फेर कोणास निर्जीव वाटले नाहींत.

मुलानें भरलेला चेहरा काढून टाकण्यास सांगितलें. आतां त्या चित्रांत तारप्याची कड जाळानें तांबूस दिसते, तीवर फिरणारीं बोटें दिसतात, आणि वरतीं आजाचें डोकें काळें, वाटोळें राहिलें आहे.