कोटऱ्याच्या गच्चीवरचं ऊन

भोपाळला पाहुणा आला की त्याला बडा तालाब, सांची, भीमबेटका दाखवायची आपली रीत. मी मात्र गेल्या डिसेंबरात तीन दिवस कोटरा सुल्तानाबादमधल्या एका गच्चीवर काढले.

राणी कमलापती स्टेशनवरून रिक्षा केली. माता मंदिर, डेपो चौराहा मागे पडला आणि पोटात थोडं धस्स झालं. आत्याचा फोन होता तसा: "अगं, तुझं ते सोलर कबाडीला देतेय. येऊन बघायचं तर बघ."

आत्याच्या घराखाली तिचा कारखाना आहे. चार बायका, दोन भट्ट्या, पण नाव कारखाना. आवळ्याचा मुरंबा आणि लोणची होतात. हिवाळ्यात आवळे उकडायला, बरण्या धुवायला सतत गरम पाणी लागतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या शब्दावर तिनं 200 लिटरचा सोलर हीटर बसवून घेतला, आणि आता पाणी कोमट येत होतं. इंजिनिअर भाचीची अब्रू गच्चीवर वाळत घातलेली!

पहिल्या सकाळी थर्मामीटर घेऊन वर गेले. टाकीच्या तोंडाशी 58 अंश, खाली भट्टीपाशी पहिल्या पातेल्यात 39. मधे बारा मीटर उघडा पाइप. म्हणजे सूर्यानं दिलेलं आम्ही थंडीला वाटत होतो. पाइपला फोमचं वेष्टण घातलं. सगळ्यांत स्वस्त काम, आणि खरं सांगायचं तर मीच ते पहिल्या दिवशी करून घ्यायला हवं होतं.

मग बाकीचं दिसू लागलं. काचेवर धूळ, ती पहाटे काच गार असताना धुवायची. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर तांब्याच्या नळ्यांत साचला होता. हा थर उष्णतेची वाटच अडवतो. तो प्लंबरनं सौम्य आम्लानं काढला. शिवाय स्टँड जवळजवळ आडवा. सांचीला जाताना रस्त्यावर कर्कवृत्ताची रेघ आखलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. भोपाळ तिच्या थोडं खाली, साधारण 23 अंशांवर. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य जेमतेम 43 अंशांपर्यंत चढतो. हिवाळ्यात जास्त पाणी हवं तर पॅनल दक्षिणेकडे 35 अंशांच्या आसपास कललेलं हवं. वेल्डरनं मागचे पाय उंच करून दिले.

आत्याची खरी तक्रार वेगळी होती. "उकळी कुठे येते?"

ती येणारच नव्हती. पाणी हवेपेक्षा जितकं जास्त तापतं, तितकी पॅनलची काळी पाटी उष्णता हवेला परत देते. साध्या पॅनलकडून 60 अंश मागावेत, 95 नव्हे. त्याहून वर जायचं तर लातूरच्या महानंद डेअरीत बसवली तशी 'अरुण' डिश हवी. आयआयटी मुंबईचे प्रा. शिरीष केदारे यांच्या संशोधनातून आलेली ही 160 चौरस मीटर आरशांची डिश सूर्यामागे फिरते आणि सगळं ऊन एका छोट्या भांड्यावर गोळा करते. तापलेला भाग छोटा म्हणून उष्णतेची गळतीही कमी. तिथे दूध पाश्चराइज करायला ती उष्णता वापरली. शिर्डीच्या प्रसादालयातही 2009 मध्ये 73 डिश बसल्या. त्यांच्या वाफेवर अन्न शिजतं.

"आपल्या गच्चीवर मावेल का?" आत्यानं विचारलं. मी नुसती हसले.

मग कागदावर हिशेब मांडला. 200 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला भट्टीत साधारण सव्वा किलो गॅस जळतो. तेवढं काम उन्हानं करायचं, पुढची उकळी गॅसनं. उन्हाचे सोळा दिवस मिळाले तर 19 किलोचा एक सिलिंडर वाचतो. "हं," एवढंच म्हणून तिनं कागद डब्याखाली सरकवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला भट्टीपाशी 56 अंश आले. शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली चारनंतर पॅनलवर येते, त्याचं अजून काही करता आलेलं नाही.

तेवढ्यात खाली कबाडीवाल्याची हाक आली. आत्या जिन्यातून वाकून ओरडली, "भैया, होली के बाद आना!"