लिव्हरची बंदूक : नाव काय, साल कोणतं

आज पिकाचं नाही, बंदुकीचं लिहितोय. बाबांच्या बंदुकीचं काय झालं हे गावातले आणि शहाद्याच्या बाजारात भेटणारे सारखे विचारतात. शिवाय आपल्या भागात जुन्या लायसनच्या बंदुका अजून बऱ्याच घरात आहेत, त्यांना कामाला येईल.

बाबा फाल्गुनात गेले. लायसन त्यांच्या नावावर. लायसनवाला माणूस गेला की त्याची बंदूक वारसाला घरात ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम २१ आहे, उगीच वेळ न घालवता ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. आम्ही दिवस आटोपल्यावर दुकानदाराकडे जमा करून पावती घेतली. ठरलेल्या मुदतीत काही केलं नाही तर जमा केलेली बंदूक सरकारजमा होऊ शकते. म्हणून घाई.

वारसाच्या नावावर करायचा अर्ज भरायला बसलो तर पहिल्याच पानावर अडलो. बनावट कोणती, प्रकार कोणता, बोअर किती. बाबांच्या पुस्तकात एवढंच लिहिलेलं : "विलायती बंदूक नग १". घरात मात्र सगळे तिला रायफलच म्हणायचे. कचेरीतले साहेब म्हणाले, "पाटील, रायफल आहे की बंदूक, ते आधी पक्कं करून आणा."

ह्या एका शब्दावर बरंच अवलंबून असतं. नळी आतून गुळगुळीत असेल आणि २० इंचांपेक्षा कमी नसेल, तर कलम १३ प्रमाणे संरक्षणासाठी लायसन मिळायला सोपं जातं. पिकाच्या राखणीसाठी कायद्यात आधी ठासणीची बंदूक सांगितली आहे, ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची मिळू शकते. नळीत आटे असले की ती रायफल. मग ती कशाला पाहिजे याचं सबळ कारण द्यावं लागतं. रानडुकरं मका लोळवतात हे कारण तिथे कितपत चालेल, ते साहेबावर.

आता बंदुकीचं वर्णन. दस्त्याच्या मानेखाली एक लांब लिव्हर आहे. तो खाली ओढला की वरचा लोखंडी ठोकळा पुढून खाली झुकतो, नळीचं तोंड उघडं पडतं, रिकामं काडतूस मागे फेकलं जातं. बाहेर घोडा नाहीच. काका म्हणायचे ही सत्तावनच्या बंडातली. शहाद्याच्या एका गृहस्थाने फोटो पाहून ठणकावून सांगितलं की ही अमेरिकन विंचेस्टर, सिनेमात घोड्यावरचे लोक चालवतात ती, आणि लाखात जाईल. एकजण तर गाडी घेऊन घरी आला. बंदूक घरात नाही म्हटल्यावर चहा पिऊन गेला.

विंचेस्टर नाही हे ठरवायला पाच मिनिटं पुरली. विंचेस्टरच्या १८७३, १८९२, १८९४ ह्या लिव्हरच्या रायफलींना बाहेर घोडा असतो. नळीच्या खाली काडतुसांची दुसरी नळी असते, त्यात एकामागे एक काडतुसं बसतात, आणि लिव्हरला बोटं घालायला कडं असतं. आमच्या बंदुकीत एका वेळी एकच काडतूस बसतं, खाली दुसरी नळी नाही. लिव्हर दोघींना आहे म्हणून दोघी एक झाल्या नाहीत. बैलाला शिंगं आहेत आणि म्हशीलाही.

दुकानदार जुना जाणकार माणूस. त्याने समोर बसवून दाखवलं. उजव्या बाजूच्या लोखंडी पेटीवर सत्तर-ऐंशी वर्षांचं तेल आणि धूळ घट्ट बसलेली. रॉकेलात चिंधी भिजवून हळूहळू पुसलं. पॉलिशपेपर अजिबात लावू नका, खुणा जातात आणि बंदुकीची ओळखही जाते. आधी मुकुट दिसला. त्याखाली व्ही आर, म्हणजे व्हिक्टोरिया राणी. मग एनफिल्ड, हा इंग्लंडातला सरकारी कारखाना. मग १८८४. त्याखाली तीन उभ्या रेघा, म्हणजे मार्क ३. त्याच बाजूला पाण्याच्या थेंबासारखा छोटा काटा आहे, तो बंदूक ताणलेली आहे की सैल ते दाखवतो.

तर ही मार्टिनी-हेन्री. ठोकळा खाली झुकवायची मूळ कल्पना अमेरिकेतल्या पीबॉडीची, ती सुधारली स्वित्झर्लंडमधल्या मार्टिनीने, आणि नळीतले सात आटे स्कॉटलंडच्या हेन्रीचे. ब्रिटिश फौजेने १८७१ साली ही घेतली आणि १८८८ साली ली-मेटफर्ड आल्यावर ती मागे पडत गेली. आफ्रिकेतल्या झुलू लढाईत हीच होती. १८८० साली कंदाहारजवळ मैवंदला गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होती, आणि त्यांच्याच बाजूला लढणाऱ्या मुंबईच्या देशी पलटणींकडे त्याआधीची स्नायडर. चांगलं हत्यार आधी गोऱ्याला, ही तेव्हाची पद्धत. सत्तावननंतर देशी पोलिसांच्या हाती मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका देत, म्हणजे लांबचा नेम साधता येऊ नये. साल १८८४ निघालं, त्यामुळे काकांचं सत्तावनचं बंड तिथेच मिटलं. सत्तावीस वर्षांचा फरक.

खोटी आहे का तेही तपासावं लागतं. सरहद्दीकडे, खैबर खिंडीच्या भागात, हाताने बनवलेल्या मार्टिनी भरपूर. तिथल्या कारागिराला इंग्रजी वाचता येत नसे, नुसता शिक्का बघून नक्कल करायचा. एनफिल्डमधलं एन उलटं, स्पेलिंग चुकलेलं. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे साल. राणी १९०१ च्या जानेवारीत वारली. व्ही आर आणि खाली त्यानंतरचं साल असेल तर समजून जा. नेपाळनेही जवळपास अशीच दिसणारी, तिथेच घडवलेली बंदूक वापरली, तिच्यावर आपल्यासारखे देवनागरी आकडे असतात. काठमांडूच्या जुन्या सिलेखान्यातला साठा २००३ च्या सुमारास अमेरिकेच्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यात मार्टिनी ढिगाने होत्या. आमच्या बंदुकीवरची अक्षरं मात्र सरळ आणि ठसठशीत आहेत.

मग मुख्य गोष्ट. ठोकळा खाली करून नळीच्या तोंडाशी पांढरा कागद धरला आणि मागून बघितलं. हेन्रीचे सात आटे कुठेच नाहीत. नळी आतून घासून पूर्ण गुळगुळीत केलेली. दुकानदाराने दोन छोटे बाण दाखवले, टोकाला टोक लावलेले. सरकारी मालावर एक बाण असतो. माल सरकारातून विकून काढला की उलट्या दिशेने दुसरा बाण मारतात. म्हणजे चोरीचा माल नाही, सरकारातून रीतसर बाहेर पडलेला. टेप लावला तर नळी ३३ इंच आणि वर थोडीशी. फौजी मार्टिनीची मापं तीच, म्हणजे नळी कापलेली नाही. सगळी बंदूक चार फूट एक इंच.

बंदुकीचं साल कळलं, पण आमच्या घरात कधी आली? ते बंदुकीवर लिहिलेलं नसतं, कागदावर शोधावं लागतं. आईच्या पेटीत सातबाराच्या जुन्या उताऱ्यांबरोबर आजोबांच्या लायसनचं एक फाटकं पान निघालं. साल उंदराने खाल्लेलं, पण शिक्का वाचता येतो : पश्चिम खानदेश. खानदेशचे पूर्व-पश्चिम दोन जिल्हे झाले १९०६ साली. महाराष्ट्र झाल्यावर पश्चिम खानदेशचं धुळे झालं. नंदुरबार तर १ जुलै १९९८ चा. म्हणजे ते पान १९०६ च्या पुढचं आणि धुळे नावाच्या आधीचं. आजोबांच्या हातात पाटीलकी होती, तेव्हा आली असावी असा माझा अंदाज. तुमच्याकडे कागदावर साल नसेल तर जिल्ह्याचं नाव बघा, बरंच कळतं.

काडतुसाची गोष्ट लिहिलीच पाहिजे, कारण कोणीतरी प्रयोग करेल. मार्टिनीचं मूळ काडतूस मागे जाड आणि तोंडाशी निमुळतं, बाटलीसारखं. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान बारा बोअरची काडतुसं दुकानात मिळतात, ती हिच्यात बसत नाहीत आणि बसवायचीही नाहीत. हे लोखंड काळ्या दारूच्या काळातलं आहे. त्यात आतून घासून नळी पातळ झालेली. बाबा पितळी टोपण पुन्हा भरून दिवाळीच्या आधी शेतावर एक बार हवेत काढायचे, डुकरं पळावीत म्हणून. तो शेवटचा बार मी दहावीला होतो तेव्हाचा. त्यानंतर ती भिंतीवरच. आणि तसंही वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकरावर गोळी चालवता येत नाही, आपल्या शेतात असलं तरी. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

दुसरी अफवा : शंभर वर्षांची झाली की लायसन लागत नाही. कायद्यात जुन्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. आमची लिव्हर ओढली की आजही खाडकन ताणते. त्यामुळे ती सूट आम्हाला नाही. उलट शंभर वर्षांवरच्या वस्तूला १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा लागतो, परदेशी पाठवता येत नाही. गाडी घेऊन आलेल्या गृहस्थाला हे सांगायला पाहिजे होतं.

आणि बाबा असतानाच हे करता आलं असतं. २०१६ च्या नियमांत आहे की लायसनवाल्याचं वय ७० झालं किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं झाली, की तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो. ज्यांचे वडील आहेत त्यांनी यंदा पाऊस पडायच्या आत विचारून घ्या.

अण्णा सुरतहून आला होता. त्याचं म्हणणं, काडतूस मिळत नाही, डुक्कर मारता येत नाही, दर निवडणुकीला ठाण्यात नेऊन जमा करायची, मग ठेवायची कशाला? सरकारला देऊन टाक. बोलणं खोटं नाही. मी म्हटलं, अण्णा, आजोबांच्या हातची आता दोनच राहिली आहेत, ही आणि विहिरीजवळचा आंबा, आणि आंबा मागच्या वादळात अर्धा गेला. तो काही बोलला नाही. जाताना ना-हरकतीवर सही करून गेला. ताईची सही प्रकाशाला जाऊन घेतली, तिने वाचलंही नाही.

अर्जात मी असं लिहिलं : मार्टिनी-हेन्री, मार्क ३, एनफिल्ड, सन १८८४, एकनळी, आतून गुळगुळीत, नळी ३३ इंच, कारण वारसा. साहेबांनी दोनदा वाचलं, "हे तुम्हीच शोधलं का?" विचारलं आणि शिक्का मारून पोच दिली. पोलीस चौकशी बाकी आहे. बंदूक अजून दुकानदाराकडेच, जमा ठेवल्याचं महिन्याचं भाडं चालू आहे.