ताडोबाच्या सफरीला निघताना मुक्काम कुठे करावा?

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो, यंदा कुठे जायचे? खुलताबाद, वेरूळ, दौलताबाद तर उंबऱ्यावरचेच. आमच्या बिडकीनच्या मुलांना जंगलाची ओढ आहे. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर येणारे पक्षी त्यांनी पाहिलेले असतात, पण वाघ फक्त पडद्यावर. गेल्या वर्षी आमच्याकडे पुतण्याने थेट केनियाचे नाव काढले. मसाई माराचे फोटो दाखवले, तंबूसमोर चरणारे झेब्रे दाखवले. अब्बांनी शांतपणे विचारले, "बेटा, आपण नऊ माणसे आहोत. नऊ तिकिटांचा हिशेब केलास का?" हिशेब झाला आणि गाडी चंद्रपूरकडे वळली.

पण केनियाच्या त्या चौकशीतून एक गोष्ट शिकायला मिळाली. आफ्रिकेत सफरीला जाणारे लोक प्राण्यांपेक्षा आधी मुक्कामाचा विचार करतात. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यान जवळपास 20,000 चौरस किलोमीटरचे आहे. तिथे उद्यानाच्या आतच कुंपण घातलेले सरकारी कॅम्प आहेत. स्कुकुझा, सतारा, लोअर सॅबी ही त्यांपैकी काही नावे. अनेक झोपड्यांत स्वयंपाकाची सोय असते, कुटुंबे आपला शिधा घेऊन येतात. सूर्य मावळताना कॅम्पचे फाटक बंद होते, त्याआधी आत यावेच लागते. मसाई मारात याउलट अनेक तंबूंना कुंपण नसते. रात्री जेवायला जाताना पहारेकरी सोबत येतो. लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन जाणाऱ्याने यांतले कोणते निवडावे, हे सांगायला नको. (केनियाला जाणारच असाल तर पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र परतताना जवळ असावे लागते.)

आपल्या ताडोबालाही हाच नियम लागू आहे. मुक्काम चुकला तर सफर चुकते.

ताडोबा हे 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे अंधारी अभयारण्य त्याला जोडून 1995 मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. गाभ्याचे जंगल सुमारे 625 चौरस किलोमीटरचे आहे आणि भोवती बफरचे जंगल व गावे आहेत. गाभ्यात जायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी प्रवेशद्वारे आहेत. लोक इथेच फसतात. "ताडोबाजवळ" अशी पाटी लावलेली राहण्याची ठिकाणे या सर्व बाजूंना पसरली आहेत, पण आपला परवाना एका ठरावीक द्वाराचाच असतो. मोहर्ली दक्षिणेकडे, चंद्रपूरहून साधारण 30 किलोमीटरवर. कोलारा उत्तरेकडे, चिमूरच्या बाजूला. परवाना मोहर्लीचा आणि खोली कोलाऱ्याची घेतली, तर जंगलातून आडवे जाता येत नाही, बाहेरून मोठा वळसा पडतो. पहाटेची फेरी उजाडताच सुटते. ती गेली की पैसेही गेले.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी वनविभागाच्या संकेतस्थळावर सफारीचा परवाना, मग त्याच द्वाराजवळ खोली. आम्हालाही एका ठिकाणाहून फारच स्वस्त दर सांगितला होता. फोनवर "गेट किती लांब?" विचारले तर उत्तर आले, "जवळच आहे." "कोणते गेट?" विचारल्यावर समजले की ते बफरचे एक द्वार आहे, आणि आमचा परवाना होता मोहर्लीच्या गाभ्याचा. एका प्रश्नाने दोन हजार रुपयांच्या बचतीचा मोह आणि पुढचा मनस्ताप दोन्ही टळले.

परवाना काढताना आणखी काही बाबी ध्यानात असू द्या. मंगळवारी गाभ्यातील सफारी बंद असते. पावसाळ्यात गाभा पर्यटकांसाठी बंद राहतो. जिप्सीत पर्यटक सहाच बसतात, म्हणून नऊ माणसांना दोन जिप्सी लागतात. परवाना नावानिशी असतो आणि द्वारावर मूळ ओळखपत्र पाहतात. गाभ्यात मोबाईल नेता येत नाही, तेव्हा तो खोलीत सुरक्षित ठेवता येईल का, हेही आधीच विचारावे.

आता आपल्या घरांचा खास प्रश्न, नमाज आणि जेवण. द्वारापासून दहा मिनिटांवर राहिलात तर फजर खोलीत अदा करून निवांत निघता येते. चंद्रपूर शहरात राहिलात तर खोली कदाचित स्वस्त पडेल, बाजार आणि मशीद जवळ राहील, पण फजरच्या वेळी तुम्ही रस्त्यावर असाल. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चंद्रपूर आपल्या पूर्वेला आहे. तिथे सूर्य बिडकीनपेक्षा साधारण 15 मिनिटे आधी उगवतो आणि आधीच मावळतो. घरच्या भिंतीवरचा वेळांचा तक्ता तिथे चालत नाही, चंद्रपूरचा तक्ता सोबत ठेवा. हिवाळ्यात तिथे साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि दुपारची फेरी तोपर्यंत चालते. म्हणजे असर जंगलातच येते, आणि जंगलात वाटेल तिथे जिप्सीतून उतरता येत नाही. आम्ही निघण्यापूर्वी मोहल्ल्यातील आलिमांना विचारून घेतले आणि वाटाड्यालाही सांगून ठेवले. काही घरे फक्त सकाळची फेरी घेतात, तोही सोपा मार्ग आहे.

जेवणाबाबत संकोच करू नये. "गोश्त हलाल आहे का?" असा नुसता प्रश्न केला तर व्यवसाय करणारा माणूस "हो" म्हणणारच. "गोश्त कुठून आणता, कोण जबह करतो?" असे विचारावे. समाधान झाले नाही तर वरण-भात, भाकरी, वांग्याची भाजी आणि अंडी यांवर दोन दिवस मजेत निघतात. आमच्या भाभींनी फोनवरच विचारले होते, "आमचा मसाला, आमचे भांडे आणले तर एक चूल वापरू द्याल का?" दोघांनी नकार दिला, तिसऱ्याने आनंदाने होकार दिला. खोली तिथेच घेतली.

दादीच्या गुडघ्यांसाठी तळमजल्याची खोली मागितली. जिप्सी उंच असते, चढताना स्टूल मिळेल का, तेही विचारले. स्त्रियांसाठी लगतच्या दोन खोल्या आणि मधे दार असले तर पडदाही राहतो आणि मुलांवर नजरही. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी वीज गेल्यावर काय सोय आहे हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत, कारण चंद्रपूरचे ऊन 45 अंशांच्या वर जाते. पाण्यावर येणारा वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात अधिक, हे खरे. पण तान्हे मूल किंवा आजारी माणूस सोबत असेल तर हिवाळाच बरा. उघड्या जिप्सीत पहाटे हुडहुडी भरते, शाली आणि टोपरी विसरू नका.

मोहर्लीत सरकारी निवासांची सोय आहे, इरई तलावाचा परिसर सुंदर आहे. खासगी ठिकाणे साध्या खोलीपासून पोहण्याच्या तलावापर्यंत सर्व प्रकारची आहेत. गावांत घरगुती मुक्कामही मिळतो. आम्ही शेवटी गावातल्याच एका साध्या ठिकाणी राहिलो, त्यामागे आणखी एक विचार होता. हे जंगल राखण्यासाठी जामणी, नवेगाव, बोटेझरी या गावांच्या लोकांनी आपली घरे-शेते सोडली. औद्योगिक वसाहतीसाठी वडिलोपार्जित जमीन देणाऱ्या बिडकीनकरांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जी गावे जंगलालगत राहिली आहेत, तिथे सरपणाला किंवा मोहफुले वेचायला गेलेला माणूस परत येईलच याची खात्री नसते. आपण ज्या वाघाला पाहायला पैसे मोजतो, त्याच्या शेजारी ते रोज झोपतात. मग त्या पैशातले काही त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचावेत, हे न्यायाचेच आहे. द्वारावरचे वाटाडे आणि जिप्सीचालक बहुतेक याच गावांचे असतात. खोलीही गावकऱ्याची घेतली तर तो वाटा वाढतो.

अशा घरात राहताना त्यांचे नियमही पाळावेत. अंधार पडल्यावर मुलांना अंगणाबाहेर सोडू नये. उष्टे-खरकटे बाहेर टाकू नये, त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. मोठ्याने गाणी लावू नयेत. यजमानीण आमच्या दादीला म्हणाली, "आजी, रात्री काही लागलं तर हाक मारा, एकट्या बाहेर निघू नका." आफ्रिकेतल्या त्या पहारेकऱ्याचे कामच ती करत होती, फक्त वर्दी नव्हती.

बिडकीनहून जायचे तर समृद्धी महामार्गाने वर्ध्यापर्यंत आणि पुढे वरोरा, भद्रावतीमार्गे मोहर्ली गाठता येते. प्रवास दिवसभराचा आहे, म्हणून पोहोचल्याच्या दिवशी फेरी ठेवू नये. दोन रात्री राहावे, दोन फेऱ्या घ्याव्यात. वाघ दिसेलच असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. आम्हाला पहिल्या फेरीत रानगवे, चितळ आणि झाडावर बसलेला मोरच दिसला. वाघ दुसऱ्या दिवशी दिसला, तोही पाठमोरा, गवतात शिरताना. दादी मात्र पहिल्याच दिवशी तृप्त होती. ती म्हणाली, "इतकी शांतता मी हजच्या परतीनंतर पहिल्यांदा ऐकली."

तेव्हा सुट्टीचा बेत आखताना आधी घरातली माणसे मोजा, त्यांची वये, दुखणी आणि गरजा कागदावर लिहा. मग परवाना काढा, मग तीन-चार ठिकाणी फोन करा आणि वर सांगितलेले प्रश्न न लाजता विचारा. नीट उत्तर देणाऱ्याकडेच राहा. खोली साधी असली तरी चालेल. इन्शाअल्लाह, सफर सुखाची होईल.