समास सोडून केलेली वही

नाशिक जिल्ह्यातील वणी हे गाव सप्तशृंगगडाच्या परिसरात वसलेले असून गडावरील अठरा हातांची देवी साऱ्या महाराष्ट्रात ‘वणीची देवी’ म्हणूनच ओळखली जाते. मूर्तीची मान किंचित एका बाजूस कललेली आहे आणि समोरच्या मार्कंड्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषींनी सांगितलेले पुराण देवी ऐकते आहे, अशी त्यामागची श्रद्धा आहे. नवरात्रात घरोघरी वाचली जाणारी सातशे मंत्रांची सप्तशती याच मार्कंडेय पुराणाचा भाग असल्यामुळे या परिसरात देवीचे दर्शन आणि ग्रंथाचे पठण ही एकाच परंपरेची दोन अंगे ठरली आहेत. हाताने वही बांधणे, तिच्या पानांवर ठसे उमटवणे आणि टिकाऊ शाईने चार ओळी लिहून ठेवणे या छंदाचा विचार करण्यास म्हणूनच ही भूमी योग्य आहे.

अलीकडे शहरांतील कलाशाळांपासून शाळकरी मुलांपर्यंत अनेकांना ज्या लहान वह्यांची गोडी लागली आहे, त्यांना येथे ‘हातवही’ म्हटले आहे. तळहातावर मावेल एवढ्या आकाराची, यंत्राविना घडी घालून शिवलेली आणि जिच्या पानांवर ठसा, चित्र, चिकटवलेला कागद व हस्ताक्षर एकत्र नांदतात अशी वही, असा या शब्दाचा अर्थ घ्यावा. हा प्रकार परदेशातून आलेला आहे असा समज असला, तरी त्याचे प्रत्येक अंग मराठी लेखनपरंपरेत पूर्वीपासून आहे. सुट्या आडव्या पानांची, दोन फळ्यांमध्ये ठेवून बासनात गुंडाळलेली पोथी, नित्यपाठासाठी जवळ बाळगायचा गुटका, अभंग उतरवून घेण्यासाठी शिवलेले बाड, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुंकवाने ‘श्री’ काढून पुजली जाणारी व्यापाऱ्याची लाल कापडी चोपडी ही सारी हातवहीची वडीलधारी भावंडे होत.

या परंपरेचे सर्वांत नेमके शास्त्र समर्थ रामदासांनी सांगितले आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाचा असून त्यात अध्यात्माची चर्चा नसून अक्षर कसे काढावे आणि पुस्तक कसे जपावे याचा व्यवहार आहे. नाना देशींचे बोरू आणावेत, हिंगूळ संग्रही ठेवावा, मसी म्हणजे शाई तयार करून वाळवून ठेवावी, फळ्या घोटून चिताराव्यात, मेणकापड आणि कुलपाच्या पेट्या बाळगाव्यात, असा तपशील ते देतात. तारुण्यात बारीक लिहिलेले अक्षर म्हातारपणी वाचता येत नाही, म्हणून मध्यम आकाराचे अक्षर काढावे, ही त्यांची सूचना आजच्या कारागिरालाही तितकीच लागू आहे. त्याहून मोलाची सूचना मोकळ्या जागेविषयी आहे. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे काळाच्या ओघात कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. पानाच्या कडेची ही रिकामी जागा, म्हणजेच समास, शोभेसाठी आहे असे मानणाऱ्यांना या एका विधानाने वेगळी दृष्टी मिळते. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांच्या प्रयत्नांनी जमलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे आणि चैत्रात ज्या खानदेशातून पायी यात्रेकरू वणीच्या वाटेला लागतात, त्याच खानदेशात ही जुनी पाने समास राखून उभी आहेत.

हातवहीचा आरंभ कागदापासून होतो. दौलताबादजवळील कागजीपुरा आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर ही मराठी मुलखातील हातकागदाची जुनी ठिकाणे असून जुन्या दप्तरांत दौलताबादी व जुन्नरी कागदाचे उल्लेख येतात. हा कागद तयार झाल्यावर त्यावर खळ, म्हणजे पिठाची पातळ पेज, चढवली जाई आणि वाळल्यावर तो गुळगुळीत दगडाने घोटला जाई. खळीमुळे कागदाची छिद्रे बुजतात व शाई पसरत नाही, तर घोटाईमुळे बोरूचे टोक अडखळत नाही. १९४० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या हातकागद संस्थेने कापडाच्या चिंध्यांपासून कागद करण्याची ही विद्या नव्या काळात पुढे चालवली. चिंध्यांतील कापसाचे तंतू लांब असतात आणि त्यांत लाकडाच्या लगद्यातील वर्तमानपत्री कागद पिवळा पाडणारे द्रव्य नसते, म्हणून असा कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मात्र खळ न चढवलेल्या हातकागदावर पातळ शाईचा ठसा उमटवला, तर रेषेच्या कडेने शाईचे केस फुटतात. यावर जुनाच उपाय लागू पडतो : पातळ खळीचा एक हात द्यावा, कागद सावलीत वाळू द्यावा आणि चमच्याच्या पाठीने तो घोटून घ्यावा.

सर्वांत सोपी हातवही एकाच कागदाची होते. २१ × २९.७ सेंटिमीटरच्या नेहमीच्या कागदाला तीन घड्या घालून आठ समान भाग पाडावेत, मधल्या दोन घरांच्या जोडीत आडवी चीर द्यावी आणि कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकांनी मध्याकडे ढकलावा, म्हणजे साधारण ७.४ × १०.५ सेंटिमीटरची आठ पानांची वही शिवण किंवा डिंक यांवाचून उभी राहते. यंत्रावर केलेल्या कागदाचे तंतू एका दिशेने पहुडलेले असतात, त्यामुळे त्या दिशेने घातलेली घडी सुरेख बसते आणि आडवी घातलेली घडी तडकते. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिला, की कोणत्या दिशेला तो कमी विरोध करतो हे हाताला कळते. या वहीत काही घड्या तंतूंच्या आडव्या येणारच, म्हणून त्या जागी पट्टीने आधी हलकी खूण दाबून मग कागद दुमडावा.

शाईच्या बाबतीत ‘नैसर्गिक’ आणि ‘टिकाऊ’ हे दोन गुण एकच आहेत, हा गैरसमज सर्वांत अधिक आढळतो. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ बाभळीच्या डिंकाबरोबर पुष्कळ खलून केलेली शाई शेकडो वर्षे काळी राहते, कारण काजळ हा कार्बन असून त्यावर उजेडाचा परिणाम होत नाही. लाखेच्या काढ्यात टाकणखार घालून ती केली, तर पाण्यालाही दाद देत नाही. हिरड्याच्या काढ्यात हिराकस म्हणजे लोहाचा क्षार मिसळून होणारी शाई मात्र वेगळ्या स्वभावाची आहे. लिहिताना ती फिकट दिसते, हवा लागताच काळी होते आणि हिराकशीचे प्रमाण अधिक झाल्यास वर्षानुवर्षांनी अक्षराच्या जागी कागदच खाऊन टाकते. हळद उन्हात विटते आणि हळदीपासूनच केलेले कुंकूही त्याच वाटेने जाते, त्यामुळे यात्रेच्या दिवशी कुंकवाने उमटवलेला लालभडक ठसा पुढे फिकट तपकिरी डाग होऊन उरतो. लाल रंगासाठी जुने लेखक हिंगूळ वापरीत आणि चुकीचे अक्षर झाकण्यास हरताळ. परंतु हिंगुळात पारा, शेंदरात शिसे आणि हरताळात सोमल असल्याने हे रंग आज हाताळू नयेत. त्यांच्या जागी गेरू पूर्ण समाधानकारक आहे. गेरू म्हणजे लोहाची माती; ती डिंकाच्या पाण्यात बारीक वाटून वस्त्रगाळ केली, की तिचा तांबडा रंग उजेडाने उडत नाही.

बाजारातील शायांनाही हेच तत्त्व लावावे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे कॅम्लिन म्हणून घरोघरी पोहोचलेल्या व्यवसायाची सुरुवात शाईच्या पुडीपासून व वड्यांपासून झाली, आणि महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या दौतीतील निळ्या शाईवर लिहायला शिकल्या. पेनाची निळी शाई आणि रबरी शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई या विरघळणाऱ्या रंगद्रव्याच्या असतात. त्या पेनातून किंवा पॅडातून सुरळीत उतरतात, परंतु पाण्याने पसरतात व उन्हाने फिकटतात. ज्या शाईत रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात, ती कागदावर बसते आणि टिकते. पारख करण्याची रीत सोपी आहे : एका पट्टीवर प्रत्येक शाईचा ठसा उमटवावा, पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ती खिडकीतल्या उन्हात उन्हाळाभर ठेवावी आणि नंतर झाकलेला व उघडा भाग शेजारी पाहावा. कोणतीही जाहिरात या पट्टीइतके खरे सांगत नाही.

ठशाची मराठी परंपरा राजदरबारातून आलेली आहे. मराठेशाहीतील पत्राच्या आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटवले जाई, जेणेकरून मजकुराच्या खाली कोणाला अधिक ओळ घुसडता येऊ नये. म्हणजे ठसा हा मुळात मजकुराचा पहारेकरी होता. वैष्णवांच्या घरात गोपीचंदनाच्या मुद्रा अंगावर उमटवल्या जातात, दारात लक्ष्मीच्या पावलांचे छाप उठतात आणि शाळेत भेंडी व बटाटा कापून मुले जे ठसेकाम करतात, तेही याच विद्येचे पहिले पाठ आहेत.

हातवहीसाठी खोडरबराचा ठसा सर्वांत उपयोगी असतो. बटर पेपरवर मऊ शिसपेन्सिलीने अक्षर किंवा आकृती सरळ काढावी, तो कागद पालथा घालून खोडरबरावर दाबावा, म्हणजे आकृती आपोआप उलटी उतरते आणि उमटताना पुन्हा सरळ होते. देवनागरी अक्षरात शिरोरेषा व वेलांटी उलट कोरताना होणारा घोटाळा यामुळे टळतो. कोरताना पाते आकृतीपासून बाहेरच्या बाजूस कलते धरावे, म्हणजे उंच राहिलेल्या रेषेला खाली रुंद पाया मिळतो. आतल्या बाजूस कललेले पाते रेषा पोखरते आणि ती थोड्याच वापरात तुटते. शाई लावताना ठसा पॅडवर दाबण्याऐवजी पॅड ठशावर हलकेच टेकवावे, कागदाखाली वर्तमानपत्राच्या घडीची गादी घालावी, दाब सरळ द्यावा व ठसा सरळ उचलावा. पानांचे ठसे याहून सोपे आणि तितकेच देखणे असतात. दसऱ्याच्या आपट्याचे पान घेऊन त्याच्या शिरा उठून दिसणाऱ्या खालच्या बाजूस गेरूची दाट शाई पातळ पसरावी, वर कागद ठेवून बोटाने मध्यशिरेपासून कडेकडे घासावे. दोन पाळ्यांचा तो आकार आणि त्यातील शिरांची जाळी स्वच्छ उमटते.

वणीच्या यात्रेची हातवही करायची असल्यास साहित्य भोवतालीच आहे. दिंडोरी तालुक्यातील द्राक्षांच्या खोक्यांचा नालीदार पुठ्ठा मलपृष्ठासाठी मोह घालतो, पण तो घडीवर मोडतो. त्यापेक्षा सपाट करडा पुठ्ठा घ्यावा. दिवस आणि ठिकाण यांची नोंद ठेवण्याचा उत्तम मार्ग टपाल खात्याकडे आहे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसची स्थापना १९२५ ची. त्यापूर्वी भारताची टपाल तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत, पुढे ती याच जिल्ह्यात छापली जाऊ लागली. वणीहून स्वतःच्याच पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकावे, घरी येईल तेव्हा त्यावर डाकशिक्का असेल, आणि तेच कार्ड वहीचे मधले पान करावे. भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले आणि त्याचा आजचा १४ × ९ सेंटिमीटरचा आकार हातवहीला माप म्हणूनही सोयीचा आहे.

पाने एकत्र करताना बाइंडरांची जुजबंदी शिलाई, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे घडीतून शिवणे, शिकून घ्यावी. एकाच गठ्ठ्याच्या वहीला तीन छिद्रे पुरतात : सुई आतून मधल्या छिद्रातून बाहेर काढावी, वरच्या छिद्रातून आत, थेट खालच्या छिद्रातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत घेऊन लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना आलेल्या टोकांची गाठ मारावी. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ चालते. तिला कसर लागू नये म्हणून बाइंडर मोरचूद घालत आले आहेत, परंतु ते विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. बाजारू चिकटपट्टी मात्र जुनी झाली की पिवळी पडते, गळते आणि कागदावर कायमचा डाग ठेवते, म्हणून तिला वहीत थारा देऊ नये.

या छंदात सजावटीचे साहित्य जमवण्याकडे ओढ अधिक असते आणि एकेक पान ठसे, चिकटवलेले कागद व रंग यांनी कडेपर्यंत भरले जाते. जुन्या लेखकांचा धडा याच्या उलट आहे. ठसा एक असावा आणि ठळक असावा, अक्षर मध्यम असावे, तारीख व गाव लिहिलेले असावे आणि चारी बाजूंना बोटभर जागा मोकळी असावी. वही आपल्या समाधानासाठी केली जात असली, तरी तिचा खरा वाचक पुढच्या पिढीतील आहे, आणि त्याला पानावरील शोभेपेक्षा आजीने कोणत्या चैत्रात गड चढला हे वाचता येणे अधिक मोलाचे वाटणार आहे. म्हणून ज्याला पहिली हातवही करायची आहे, त्याने महागड्या ठशांचा संच घेण्याआधी थोडा चांगला चिंध्यांचा कागद आणि काजळाची शाई घ्यावी, घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून त्याच्या यात्रेची हकीकत त्याच्याच हाताने लिहून घ्यावी, आणि समास सोडायला विसरू नये.