ऊन घरात शिरते कुठून?

मैत्रिणींनो, मे महिना आला की आपण नांदेड-लातूरच्या बायका वाळ्याचे पडदे काढतो, कूलरचे गवत बदलून घेतो. पण ऊन घरात नेमके कुठून शिरते, ते कधी पाहिलेय का?

आता ते चक्क डोळ्यांनी पाहता येते. प्रत्येक वस्तू तिच्या उष्णतेप्रमाणे न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकते. विल्यम हर्शेल यांनी ते १८०० साली शोधले. थर्मल कॅमेरा हे किरण टिपतो आणि गरम जागा पिवळी, गार जागा निळी-जांभळी दाखवतो. थंड देशांत घरातली ऊब कुठून निसटते, ते यावरून शोधतात. आपला हिशेब उलटा!

माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने मोबाइलला जोडायचा असा कॅमेरा आणला. दिवेलागणीला आम्ही घरभर फिरलो. भिंती नारिंगी, पण छत पिवळेजर्द! दिवसभर प्यालेले ऊन स्लॅब आता खाली सोडत होता. सासूबाई म्हणाल्या, "तरीच रात्री पंखा गरम वारा फेकतो."

एक मात्र ध्यानात ठेवा. चकचकीत स्टीलचे पातेले कढत असले तरी कॅमेऱ्यात गार दिसते. नव्या पत्र्याचेही तसेच. त्यावर काळी चिकटपट्टी लावून तिथले तापमान पाहावे.

माझे माहेर लातूरकडचे. आजीच्या माळवदाखाली भर दुपारीही गार वाटे. जाड दगडी भिंती आणि वरचा मातीचा थर ऊन थोपवून धरीत. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तेच दगड, तीच माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. मी तेव्हा लहान होते, पण त्यानंतर आई माळवदाखाली कधी निवांत झोपली नाही, एवढे पक्के आठवते. म्हणून गारव्यासाठी "जुनी घरंच बरी" असे माझ्याच्याने म्हणवत नाही. स्लॅब हवाच, फक्त त्याला उन्हापासून जपायला हवे.

उपाय साधा आहे. पाडव्याच्या सुमारास गच्ची झाडून, धुऊन घ्या. भिजवलेल्या चुन्यात थोडा फेविकॉल घालून संध्याकाळी दोन हात द्या. चुना डोळ्यांत उडू देऊ नका, हातमोजे घाला. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे स्लॅब कमी तापतो. पावसात चुना धुऊन जातो, तेव्हा दरवर्षी द्यावा लागतो. अहमदाबादेत २०१७ साली वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याची मोहीमच निघाली होती.

यंदा आम्ही चुना दिला आणि पुन्हा कॅमेरा लावला. छत भिंतींसारखेच नारिंगी दिसले. कूलर लागतोच हो, पण सासूबाईंना पहाटेपर्यंत झोप लागते.

कॅमेरा नसला तरी अडत नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर पंखा बंद करून, दिवेलागणीला स्टुलावर जपून चढा. एक हात भिंतीला लावा, एक छताला. तुमचा तळहातच सांगेल, आधी पैसे कुठे घालायचे ते.